नोंद न झालेली मेहनत

रामायण सांगायचे आणि 'राम' हे नाव एकदाही घ्यायचे नाही, अशी अट मोरोपंतांनी स्वतःला घालून घेतली होती. त्या काव्याचे नाव 'निरोष्ठ रामायण'. ज्या अक्षरांसाठी ओठाला ओठ टेकवावा लागतो ती सगळी वर्ज्य. प, फ, ब, भ, म गेले की राम जातो, लक्ष्मण जातो, भरत जातो, हनुमान आणि बिभीषणही जातात. उरलेल्या अक्षरांत वनवास सांगायचा, सीताहरण सांगायचे, वृत्त ढळू द्यायचे नाही आणि ऐकणाऱ्याला कथा तर कळली पाहिजे. पंतांनी 108 रामायणे रचली असे परंपरा सांगते. त्यांतल्या कितीतरी रामायणांत असा एखादा नवा नियम आहे.

मी बारामतीच्या पट्ट्यात शाळांतून मराठी शिकवले. पन्हाळ्याला 1729 साली जन्मलेले मोरोपंत पराडकर हे बारामतीकर नाईकांच्या आश्रयाने याच कऱ्हेकाठच्या गावी येऊन राहिले, पुराण सांगत आणि लिहीत राहिले आणि 1794 साली इथेच वारले. त्यामुळे आमच्या मुलांना ते गावातले वाटत. शिक्षकांच्या खोलीत मात्र निकाल ठरलेला असे : पंत कारागीर मोठे, पण कवी म्हणाल तर तुकोबा. त्याच खोलीत मुलांच्या वह्या तपासताना आणखी दोन निकाल कानावर पडत. एकीच्या वहीवर, 'हिच्यात उपजतच आहे.' दुसऱ्याच्या वहीवर, 'हा घोकून लिहितो.' पंतांवरचा निकाल आणि या मुलांवरचे निकाल एकाच मुळातून आलेले आहेत, असे मला पुढे पुढे दिसू लागले. मराठीत ज्याची मेहनत लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली, त्याची प्रतिभा नाकारली गेली. ज्याची मेहनत कोणी पाहिली नाही किंवा पाहूनही मोजली नाही, त्याचे सगळे श्रेय देवाच्या देणगीला गेले. हे कसे घडत गेले ते मला इथे मांडायचे आहे.

जुन्या शास्त्रकारांनी हा प्रश्न आपल्यापेक्षा समजुतीने हाताळला होता. दंडी 'काव्यादर्शा'त सांगतो की जन्मजात अद्भुत प्रतिभा नसली, तरी अध्ययनाने आणि यत्नाने सेवा केली तर वाग्देवी काही ना काही अनुग्रह करतेच. अकराव्या शतकातला काश्मीरचा मम्मट शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिन्ही मिळून काव्याचे एकच कारण मानतो. त्याच्या मते एकटी शक्ती पुरत नाही आणि एकटा अभ्यासही पुरत नाही.

या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो राजशेखर. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला कनौजच्या प्रतिहार राजांच्या दरबारी असलेला हा कवी यायावर घराण्यातला, आणि त्याच्या पणजोबांना, अकालजलदांना, 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणत. त्याच्या 'काव्यमीमांसे'त कवीची दिनचर्या दिली आहे. दिवसाचे चार प्रहर. पहिल्यात विद्यांचा अभ्यास, दुसऱ्यात रचना, जेवणानंतर तिसऱ्यात काव्यगोष्ठी, चौथ्यात सकाळी लिहिलेले पुन्हा तपासणे. रचनेच्या भरात दोष दिसत नाहीत, म्हणून तपासणीला वेगळा प्रहर. कवीजवळ काय काय असावे याचीही यादी आहे : फळी आणि खडू, लेखणी आणि दौत, ताडपत्रे, भूर्जपत्रे, इतकेच काय, लिहायला स्वच्छ केलेल्या भिंतीसुद्धा. हा माणूस कवीला प्रसादाची वाट पाहत बसवत नाही, कामाला लावतो.

राजशेखराने कवींचे प्रकारही सांगितले. पूर्वसंस्कारामुळे ज्याला वाणी लाभली तो सारस्वत, याच जन्मीच्या सरावाने जो घडला तो आभ्यासिक, आणि उपदेशाने जो तयार झाला तो औपदेशिक. सारस्वताला सरावाची गरज काय, असे काही आचार्य विचारत. राजशेखर त्यांना नकार देतो. एकाच कामासाठी दोन उपाय केले तर फळ दुप्पट मिळते, असे तो म्हणतो. पुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती वाचली तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून काही वेळ बसून राहिले. पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात, कारण संस्कार आत्म्याला लागतो आणि आत्मा स्त्री-पुरुष भेद पाहत नाही, असे त्याचे म्हणणे. स्वतःच्या पत्नीची, अवंतिसुंदरीची, मतेही तो नाव घेऊन देतो.

ही 'काव्यमीमांसा' छापून आली 1916 साली, बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेतला पहिला ग्रंथ म्हणून. केशवसुतांना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. मराठी कवितेची नवी कल्पना रुजली ती राजशेखराची दिनचर्या हाताशी नसतानाच.

आता मराठीत येऊ. 'दासबोधा'च्या चौदाव्या दशकाचा तिसरा समास कवित्वकलेचा आहे. समर्थ तिथे कवित्वाचे तीन प्रकार करतात. मनात येईल ते बळेच जुळवून टाकणे हे धीट. पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांच्यासारखे करणे हे पाठ. भक्तीतून, विरक्तीतून आणि अनुभवातून जे आपोआप येते ते प्रासादिक, आणि मान तिसऱ्याला. समर्थांचा राग नकलेवर होता, सरावावर नव्हता. कारण याच ग्रंथात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर कसे घोटावे, शाई आणि लेखणी कशी असावी, ओळींत आणि समासात जागा किती सोडावी, हे सगळे त्यात येते. तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, इतका बारीक विचार केलेला आहे. पण झाले असे की कष्टाचा धडा अक्षरापुरता उरला आणि प्रसाद कवितेच्या वाट्याला गेला. 'पाठ' म्हणजे खालच्या दर्जाचे, एवढेच लोकांनी लक्षात ठेवले.

तुकोबांच्या बाबतीत तर त्यांनी स्वतः सांगितलेली अर्धी हकिकत आपण गाळून टाकली आहे. स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि त्यांनी अभंग करायला सांगितले, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पण आपल्या आयुष्याबद्दलच्या अभंगात तुकोबा त्याआधीचे टप्पे ओळीने मांडतात. दुष्काळ आला, व्यापार बुडाला, अन्नावाचून बायको गेली. मोडके देऊळ दुरुस्त केले. एकादशीला कीर्तन करू लागले तेव्हा त्यात मन रमत नव्हते, सवयही नव्हती. म्हणून संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. कवित्वाची स्फूर्ती येते ती या सगळ्याच्या नंतर. म्हणजे आधी पाठांतर, मग मागच्या रांगेतली साथ, मग स्वतःची रचना. यापेक्षा नेटका शिक्षणक्रम मला अजून कोणत्या पुस्तकात सापडलेला नाही. वर्गात मी हा क्रम फळ्यावर लिहीत असे. तुकोबांनाही काही पाठ करावे लागले, यावर मुलांचा चटकन विश्वास बसत नसे.

शाहिरांचा सराव चव्हाट्यावर चाले, पण त्याला विद्या म्हणायला कोणी तयार नव्हते. होनाजी जातीचा गवळी, दुधाचा धंदा करणारा. परशराम शिंपी. सगनभाऊ शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा. होनाजीच्या घराण्यात आधीपासून लावण्या रचत. कलगीवाले आणि तुरेवाले हे शाहिरांचे दोन पक्ष समोरासमोर बसले की एकाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने त्याच चालीत, त्याच जागी जबाब द्यायचा. ऐकणाऱ्याला ती उत्स्फूर्त रचना वाटते. तिच्यामागे तोंडपाठ असलेल्या पुराणकथा असतात, चाली असतात, आधीच्या शाहिरांच्या रचनांचा साठा असतो आणि गुरूसमोर काढलेल्या रात्री असतात. सोलापूरच्या राम जोश्याने तर दोन्ही शाळा केल्या. तमाशाच्या नादापायी घराबाहेर पडावे लागले, पंढरपुरात पाध्यांकडे संस्कृत शिकला, कीर्तनकार झाला आणि पुन्हा लावणीकडे वळला. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेण्यात त्याचा वाटा मोठा. पंडिताचा ग्रंथ आणि फडातली लावणी यांच्यामधली भिंत त्या काळी आपण समजतो तेवढी उंच नव्हती.

भिंत उंच झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 पासून चालवलेल्या 'निबंधमाले'त मोरोपंतांच्या कवितेवर सविस्तर आणि जिव्हाळ्याने लिहिले. पण त्याच पिढीच्या हाती इंग्रजी कविता पडली होती आणि तिच्याबरोबर एकाकी, स्वयंभू कवीची प्रतिमा आली. केशवसुतांनंतर कवी हा द्रष्टा झाला. द्रष्टा सराव करताना लोकांना पाहवत नाही. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरले, तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली. उपजत प्रतिभेचा याहून मोठा जाहीर पुरावा मराठीत नाही. सत्ताविसाव्या वर्षी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला आणि दंतकथा पक्की झाली. मधली काही वर्षे तो नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिला, जिथे कविता हा रोजच्या जगण्याचा भाग होता, हे आपण क्वचितच सांगतो.

त्याच घरात लक्ष्मीबाई टिळक होत्या. त्या अक्षरे शिकल्या लग्नानंतर, नवऱ्याकडून. 1919 साली टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. थोडेच अध्याय झाले होते. उरलेले, म्हणजे ग्रंथाचा बहुतेक भाग, लक्ष्मीबाईंनी ओवीबद्ध केला. आणि 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'स्मृतिचित्रां'विषयी बोलताना प्रत्येक जण 'सहज' हाच शब्द वापरतो. त्यांची वाक्ये बोलल्यासारखी आहेत हे खरे. पण हजारो ओव्या घडवलेल्या हाताने ती लिहिली आहेत, हेही तितकेच खरे. बाईने लिहिलेले चांगले असले की ते सहज असते, असे मानायची आपल्याला सवय झाली आहे.

ना. सी. फडक्यांनी या सवयीविरुद्ध उघड भूमिका घेतली. 1931 साली 'प्रतिभासाधन' हे पुस्तक लिहून त्यांनी कथा-कादंबरीच्या रचनेला शिकण्याचा विषय केले. सुरुवात कशी करावी, पात्र कसे उभे करावे, गुंतागुंत कशी वाढवावी, कळस कुठे आणावा, हे त्यांनी एखाद्या कारखान्याची माहिती द्यावी इतक्या मोकळेपणाने मांडले. नव्याने लिहू पाहणाऱ्या किती तरी मुलामुलींच्या हाती ते पुस्तक गेले. पण टीकाकारांच्या तोंडी 'तंत्र' हा शब्द हळूहळू दूषण बनला. फडक्यांनी आपली कारागिरी लपवली नाही, आणि मोरोपंतांना जी शिक्षा झाली होती तीच त्यांनाही झाली.

आणि मग बहिणाबाई. 1880 साली असोद्याला जन्म, जळगावच्या चौधरी घराण्यात लग्न, ऐन तरुणपणी वैधव्य, शेतातले राबणे. अक्षरओळख नाही. त्या गात होत्या, मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसे उतरवून घेत होती. 1951 साली त्या गेल्या. नंतर सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. तेव्हापासून निरक्षर बाईची दैवी प्रतिभा हा आपल्या भाषणांचा ठेवणीतला विषय आहे. मला बहिणाबाईंविषयी नितांत आदर आहे, आणि म्हणूनच हे वर्णन मला अपुरे वाटते. निरक्षर याचा अर्थ न शिकलेली असा होत नाही. त्यांची शाळा जात्यापाशी भरत होती.

ही शाळा मी पाहिलेली आहे, कारण माझी आजी त्याच शाळेतली. पहाटे जात्याशी समोरासमोर दोघी बसत. खुंट्याच्या फेऱ्यावर ओवीची लय ठरे. एकीने पहिली ओळ टाकायची. ती बहुधा ठरलेली असे : पहिली माझी ओवी अमक्याला. दुसरी ओळ मात्र दुसरीने तिथल्या तिथे जोडायची. दळण थांबवायचे नाही, म्हणजे विचार करायला वेळ एका फेऱ्याचा. शब्द लांबला तर आजी लगेच म्हणे, 'लंगडली गं,' आणि पुन्हा घ्यायला लावी. मी लहानपणी शेजारी बसून एखादी ओळ जोडायचा हट्ट करी. माझी ओळ बसली नाही तर ती ती फेकून देई आणि का फेकली तेही सांगे : 'हे बोलल्यासारखं नाही.' घास घालता घालता मिळालेले हे संपादन होते. रोजचे, आणि तेही ऐकणाऱ्यांच्या देखत.

अशी शाळा किती मोठी होती? साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्यांचा संग्रह केला. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी पुण्याहून काम उभे केले आणि महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एक लाख. प्रत्येक ओवीमागे फेकून दिलेल्या किती ओळी असतील याचा विचार करा. पिढ्यान् पिढ्या, घरोघरी, भल्या पहाटे चाललेला हा लेखनाचा सराव आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात एखाद्या परिच्छेदापुरता येतो. मग त्यातूनच एक बहिणाबाई वर आली की आपण चकित होतो आणि देवाकडे बोट दाखवतो.

प्रतिभा नसते असे मी म्हणत नाही. एकाच जात्यावर दोघी बसत, एकीची ओवी गावभर जाई आणि दुसरीची दळणाबरोबर संपे. आजीच्या गल्लीत अशा ओव्यांसाठी नाव असलेली एकच बाई होती आणि बाकीच्या ते मोकळ्या मनाने मानत. फरक असतोच. पण तो फरक दिसायला आधी जाते लागते, समोर बसणारी लागते आणि 'लंगडली' म्हणणारी लागते.

अण्णाभाऊ साठ्यांचीही तीच कथा. 1920 साली वाटेगावला मांग समाजात जन्म. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले असे सांगतात. शाळेने त्यांना ठेवून घेतले नाही, हे त्या दीड दिवसाचे खरे कारण. मुंबईला चालत आले, मिळेल ते काम केले आणि दुकानांच्या पाट्या व सिनेमाची पोस्टरे वाचत अक्षरे शिकले. त्याआधी आणि नंतरही नात्यातल्या तमाशाचा फड होता. 1944 साली अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढले. कामगारांच्या वस्त्यांत लोकांसमोर पोवाडे आणि लोकनाट्ये सादर करायची म्हणजे ओळ पडली तर त्याच रात्री कळणार. 1959 सालची 'फकिरा' या तालमीनंतरची आहे. दीड दिवसाच्या शाळेवर एवढा मोठा लेखक, असे आपण कौतुकाने म्हणतो तेव्हा त्यांच्या फडातल्या आणि कलापथकातल्या वर्षांवर पाणी सोडतो. शिवाय ज्या व्यवस्थेने शाळेचे दार लावले तिलाही नकळत सोडून देतो. देणगी होतीच ना, मग शाळा हवी कशाला, असा त्या कौतुकाचा अर्थ निघतो. हा अर्थ मला सहन होत नाही.

मोरोपंतांवरचा निकालही याच हिशेबाने पुन्हा तपासला पाहिजे. 'केकावली' पंतांची उतारवयातली. पृथ्वीसारखे लांब पल्ल्याचे वृत्त, आणि त्यात देवाशी केलेली विनवणी, रुसवा, भांडण, सगळे जिवंत माणसाच्या आवाजात. तिथे कारागिरी जाणवत नाही, कारण ती पूर्ण मुरलेली आहे. रामाचे नाव न घेता रामायण सांगणारा हात तयार झाला नसता, तर देवाशी इतके मोकळे बोलणारा हातही तयार झाला नसता, असे मला ठामपणे वाटते. पंतांची सराव-वही छापली गेली, एवढाच त्यांचा आणि इतरांचा फरक. तुकोबांची पाठांतरे, आजीच्या फेकलेल्या ओळी, फडातल्या तालमी छापल्या गेल्या नाहीत.

निवृत्तीनंतरही नवे शिक्षक कधी कधी वही घेऊन येतात आणि विचारतात, 'बाई, या मुलात आहे का हो काही?' मी त्यांना उलट विचारते : याच्या घरी भजन आहे का? आई काय गाते? आजोबा पोथी लावतात का? हा कोणाचे बोलणे ऐकत मोठा झाला? बहुतेक वेळा उत्तर तिथे मिळते, आणि ज्याला आपण उपजत म्हणत होतो त्याची शाळा सापडते. मग ज्या मुलाच्या घरी यातले काहीच नाही त्याचा विचार करा, असे मी त्यांना सांगते. तो घोकत असेल तर घोकू द्या. तुकोबांनीही आधी पाठ केले होते. पण घोकण्यावर थांबवू नका. त्याला मोठ्याने म्हणायला लावा, मागच्या रांगेत धृपद धरू द्या, स्वतःची ओळ जोडायला सांगा आणि ती लंगडली तर का लंगडली ते सांगा. हे करणे शिक्षकाच्या हातात आहे. कोणात किती प्रतिभा आहे हे ठरवणे आपल्या हातात नाही, आणि ते ठरवायच्या घाईत आजवर आपण पुष्कळ मुले गमावली आहेत.